या चुका टाळा: पतसंस्थेच्या निवडणुकीत मत वाया जातं ते असं

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात एक भांडण ठरलेलं असतं. "तीस वर्षांचा सभासद आहे मी, आणि यादीत नाव नाही म्हणजे काय?" टेबलावरचा पोरगा पानं उलटतो, मागून पुढे, पुढून मागे. नाव नसतंच. पाच-सहा निवडणुकांत मी पॅनेलचा प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रात बसलोय. हे भांडण सभासदानं जिंकलेलं एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी जिंकता येतही नाही, कारण ते दोन महिने आधीच हरलेलं असतं.

प्रारूप यादी न बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणानं नेमलेला निवडणूक निर्णय अधिकारी आधी प्रारूप, म्हणजे कच्ची मतदार यादी लावतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम यादी येते. प्रारूप यादी संस्थेच्या फलकावर लागलेली असते. तिच्यासमोरून लोक पिग्मीचे पैसे भरायला जातात आणि येतात. मान वळवून कोणी बघत नाही.

आमच्या भागातल्या एका संस्थेची गोष्ट. निवृत्त गुरुजी, हातात काठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. रिक्षा करून आले होते. नाव नव्हतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, दुरुस्त होऊन मतदानासाठी लागणारी किमान भाग रक्कम शंभरावरून पाचशेवर गेली होती. गुरुजींचे भाग शंभराचेच राहिले. पत्र गेलं होतं, पण जुन्या वाड्याच्या पत्त्यावर, आणि वाडा पाडून तिथं इमारत उभी राहून सहा वर्षं झालेली. संस्थेत त्यांची ठेव लाखांत होती, भाग कमी पडले चारशे रुपयांचे. खिशातून पाचशेची नोट काढून ते म्हणाले, "आत्ता घ्या की." अधिकारी बिचारा उभा राहिला. "सर, यादी अंतिम झालीय. माझ्या हातात काही नाही." गुरुजींनी नोट घडी करून परत खिशात ठेवली आणि विचारलं, पुढची निवडणूक कधी? पाच वर्षांनी, असं सांगायची माझी तरी जीभ वळली नाही.

यावर माझा इलाज अगदी घरगुती आहे. दर एप्रिलमध्ये, मार्चअखेरची गर्दी ओसरली की, मी भाग दाखला घेऊन संस्थेत जातो आणि सभासद नोंदवहीत, म्हणजे 'आय' नमुन्यात, माझं पान दाखवा म्हणतो. नाव, पत्ता, भागांची रक्कम, वारस. दहा मिनिटांचं काम. क्लार्क तोंड वाकडं करतो, करू दे. "ॲपवर बॅलन्स दिसतोय की काका," असं एक तरुण सभासद मला म्हणाला होता. बॅलन्स दिसतो रे, पण मतदार म्हणून तू आहेस की नाहीस हे ॲप सांगत नाही.

खातेदार म्हणजे सभासद, असं समजणं

नाही. नुसती ठेव ठेवणारा ग्राहक असतो. कर्ज किंवा जामीनकीपुरतं ज्याला नाममात्र सभासद करून घेतलंय त्यालाही मत नसतं. मालक तो, ज्याच्याकडे भाग आहेत. आणि मालकाला मत एकच, भाग दहा असोत की हजार. संयुक्त नावावर भाग असतील तर मताचा हक्क आधी पहिल्या नावाचा. बायकोचं नाव पहिलं आणि मतदानाला नवरा ऐटीत हजर, हा प्रकार दरवेळी एकदा तरी होतोच.

आईच्या वतीनं मत द्यायला येणं

सहकारात सभासदानं स्वतः यावं लागतं. प्रतिनिधी चालत नाही. चिठ्ठी आणू नका.

जास्तीचा शिक्का

माझा दुसरा राग. एका माणसाच्या हातात मतपत्रिका एक नसते, गटागणिक वेगळी असते. आमच्याकडे संचालक मंडळाच्या तेरा जागा: सर्वसाधारण आठ, महिला राखीव दोन, अनुसूचित जाती-जमाती एक, इतर मागास एक, विमुक्त-भटक्या एक. जागा राखीव असली तरी मत सगळ्यांनी द्यायचं असतं. "मी त्या गटातला नाही" म्हणून कोरी पत्रिका टाकणारे शिकलेले लोक मी पाहिलेत.

पण खरा घोळ सर्वसाधारण गटात. आठ जागा म्हणजे जास्तीत जास्त आठ शिक्के. सात चालतील, एकही चालेल. नऊ झाले की ती अख्खी पत्रिका बाद. एका मोजणीला आमचा माणूस चार मतांनी पडला. बाद मतांचा गठ्ठा टेबलावर सोडला तेव्हा मी एकेक पत्रिका बघत होतो. आमच्या पॅनेलच्या छत्री या चिन्हावर ओळीनं आठ शिक्के, सरळ, न चुकता, आणि खाली कपबशीवर एक, जरा घाईत मारलेला. पॅनेल सांभाळलं आणि शेवटी भाच्याची आठवण झाली. अशा पत्रिका चारापेक्षा पुष्कळ जास्त होत्या. त्या भाच्यालाही त्यातलं एक मत मिळालं नाही.

मी घरून निघताना डाव्या तळहातावर पेननं लिहून घेतो: ८, २, १, १, १. लोक हसतात. शिक्का मारताना बोटावर मोजतो, मग फुंकर घालून शाई वाळवतो आणि घडी अशी घालतो की ओला शिक्का दुसऱ्या चिन्हावर उमटणार नाही. मागे रांग खोळंबली तरी खोळंबू द्यावी. पाच वर्षांतून एकदा दोन मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही.

हप्ता थकवून अर्ज भरणं

थकबाकीदाराचा उमेदवारी अर्ज छाननीत उडतो. तुमचा कर्जखाते उतारा विरोधकांना तुमच्याआधी पाठ असतो, हे धरून चाला. सूचक आणि अनुमोदक यांचे यादीतले क्रमांक स्वतः तपासा. कार्यकर्त्यावर सोपवू नका.

बिनविरोधचा अभिमान

"निवडणुकीचा खर्च वाचला" म्हणून पेढे वाटतात. खर्च संस्थेचाच असतो, त्यामुळे तो वाचतो हे खरं. पण माघारीच्या दिवशी हॉटेलात बसून कोणाला कशाच्या बदल्यात थांबवलं, हे ताळेबंदात येत नाही. एकमत खरंच असेल तर ठीक. मला ते फार कमी वेळा दिसलं.

पतसंस्था आणि नागरी सहकारी बँक एकच समजणं

बँकेच्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला नाही. नागरी बँकेत संचालकाला सलग 10 वर्षांची मर्यादा आहे, 1 ऑगस्ट 2025 पूर्वी ती 8 होती. पतसंस्थेत संचालक कोण, हाच तुमचा विमा समजा.

वार्षिक सभेला डब्यासाठी जाणं

सप्टेंबर संपायच्या आत सभा होते. सही करायची, भेटवस्तू घ्यायची, "मंजूर, मंजूर" ओरडायचं आणि जेवणाच्या रांगेत उभं राहायचं. अहवाल घरी आल्यावर मी पेन्सिल घेऊन फक्त दोन ठिकाणी जातो: थकबाकीची टक्केवारी आणि लेखापरीक्षकाचे शेरे. प्रश्न आठ दिवस आधी लेखी देतो आणि पोच घेतो. तोंडी प्रश्नाला "सभेनंतर भेटा" हेच उत्तर येतं. डबा मीही घेतो. घरी स्टीलचे सात जमलेत, त्यातल्या एकात या सगळ्या पोचपावत्या आहेत.