राजघराण्याची बखर वाचायला बसताना

साताऱ्यात एम.ए.ला इतिहास घेतलेली मुलं माझ्याकडे बखरी वाचायला येतात. पहिलाच प्रश्न ठरलेला: ‘बाई, यातलं खरं किती?’ तो प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी वहीत लिहून काढा, की ग्रंथ कोणासाठी लिहिला, तेव्हा गादीची अवस्था काय होती आणि लेखक धागा कशाचा धरतो, रक्ताचा की भूमीचा.

ही सवय लागावी म्हणून मी मुद्दाम पंधराव्या शतकातल्या बव्हेरियापासून, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या एका प्रांतापासून सुरुवात करते. तिथल्या राजांविषयी आपल्या मनात भक्ती नाही, रागही नाही, त्यामुळे नजर लवकर बसते.

बव्हेरिया ११८० पासून विटेल्सबाख घराण्याकडे होता. १३९२ मध्ये भावाभावांत वाटण्या होऊन म्युनिक, लँड्सहूट आणि इंगोलश्टाट अशा तीन गाद्या झाल्या. स्ट्राउबिंगचा हिस्सा त्याआधीच निराळा होता. पुढे भाऊबंदकी लढायांपर्यंत गेली. आता लेखक पाहा. रेगेन्सबुर्गजवळच्या मठातला आंद्रेआस इंगोलश्टाटच्या सातव्या लुडविगसाठी लिहितो. हान्स एब्रान हा सरदार लँड्सहूटच्या पदरी. उलरिश फ्यूएत्रर मूळचा चित्रकार. त्याने १४७८ पासून म्युनिकच्या चौथ्या आल्ब्रेश्टसाठी इतिहास लिहायला घेतला. धनी वेगळे, आपसांत वैर, पण तिघेही लिहितात ते एकाच बव्हेरियाच्या राजांविषयी! इथे पेन्सिलीने जाड रेघ मारा. बव्हेरिया बहुतांशी पुन्हा एक झाला तो १५०४-०५ च्या वारसायुद्धानंतर, आणि १५०६ मध्ये वडील मुलाकडेच राज्य जाईल असा कायदा झाला. तोवर तो अखंड राहिला होता तो या ग्रंथांत.

काल्पनिक पूर्वज आला की मुलं ते पान ओलांडतात. तसं अजिबात करू नका, सगळ्यात जास्त तिथेच हाती लागतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात ‘पंचाण्णव राजवटींचा’ इतिहास लिहिला गेला. त्यातले सुरुवातीचे कितीतरी राजे मुळात झालेच नाहीत, तरी त्यांची राजचिन्हंसुद्धा दिली आहेत. का? हाब्सबुर्ग घराण्याला ऑस्ट्रिया मिळाला १२८२ मध्ये, घराणं बाहेरचं. मग पुरातन ठरवायची ती भूमी, आणि तिच्या राजांच्या रांगेत शेवटी आपल्या धन्याला उभं करायचं. बव्हेरियात धागा मुख्यतः घराण्याचा, इथे भूमीचा. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

हे हाताशी आलं की मगच चिटणीसांची बखर उघडा. मल्हार रामराव चिटणीसांनी ती साताऱ्याच्या गादीच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या चुलतभावांच्या गाद्यांची हद्दही कधीच ठरून गेलेली. अशा वेळी भोसल्यांचं मूळ मेवाडच्या सिसोदिया राजपूत घराण्याकडे नेणारा मजकूर कोणाला हवा होता, हे वहीत आपल्या शब्दांत लिहा. घाईने ‘खोटं’ असा शेरा मारू नका आणि हात जोडूनही वाचू नका.

खऱ्याखोट्याची तपासणी यानंतर. समकालीन पत्रं आणि जेधे शकावली (शिवकाळातल्या घटनांची तिथीवार टिपणं) शेजारी ठेवा, एकेक तिथी ताडून पाहा, आणि जिथे मेळ बसत नाही त्या ओळीसमोर लेखकाच्या धन्याचं नाव लिहा.