ओपन माइकचं गणित 7 मिनिटांचं

दर आठवड्याचा ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन आपली कला सादर करायचा कार्यक्रम, रखडतो तो वेळेवरून. प्रत्येकाला 5 मिनिटं द्या, पण हिशोब 7 चा धरा. माइकची उंची, गिटारची वायर आणि ‘आवाज येतोय ना?’ यातच दोन मिनिटं जातात. 10 मिनिटांची विश्रांती धरली तर दोन तासांत 15 जण होतात. त्यातल्या दोन-तीन जागा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी रिकाम्या ठेवा.

चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायचा, आणि ही खूण सुरुवातीलाच सगळ्यांना सांगायची. मित्रालाही तोच नियम. (कवींना दोनदा दाखवावा लागतो!)

‘जो आधी येईल तो आधी’ असं मात्र करू नका. पहिला नंबर सरावलेल्या कलाकाराचा, कारण तेव्हा लोक अजून खुर्च्या शोधत असतात. नवखा त्या गोंधळात गांगरतो. त्याला तिसरा-चौथा ठेवा. एक दमदार नाव शेवटासाठी राखा, नाहीतर आपलं झालं की मंडळी हळूच सटकतात.

स्पीकर माइकच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागे ठेवलात तर स्पीकरमधून शिट्टी वाजलीच म्हणून समजा.