जुन्या गाडीचे इंजिन घरी बांधायचे की मेस्त्रींकडे द्यायचे? पाना लावण्यापूर्वीची तयारी

इंजिनाचे काम, म्हणजे ते उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधणे, खरोखरच आले आहे का, याची खात्री सर्वांत आधी करावी, आणि ही तपासणी इंजिन घरी बांधू पाहणाऱ्याने जशी करावी तशीच गाडी मेस्त्रींच्या हवाली करणाऱ्यानेही करावी. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, इग्निशन बंद राहील अशी व्यवस्था करावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) गेजवर पाहून वहीत लिहावे. ज्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी येतो त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर झीज रिंगांची (पिस्टनभोवतीच्या कड्यांची) किंवा बोअरची (सिलिंडरच्या आतल्या भोकाची) आहे; तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, त्याखालच्या गास्केटमध्ये शोधावा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारे रबर) कडक झालेले असतात, आणि अनेक इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात. एवढ्या कारणासाठी चांगला ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) बोअरिंगला, म्हणजे बोअर कापून मोठा करायला, नेणे म्हणजे त्या इंजिनाचे आयुष्य विनाकारण कमी करणे होय.

पूर्ण काम आलेच आहे असे ठरले की मग ते कोणी करायचे हे पाहावे. माझ्या मते याचा निर्णय हौशीवर किंवा मजुरी वाचवण्यावर सोपवू नये, तो मापांवर सोपवावा. बोअरची झीज वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त असते, खाली ती कमी होत जाते, शिवाय बोअर गोल न राहता किंचित लांबट होतो, आणि हा सगळा फरक मिलिमीटरच्या शतांशांत असतो. मायक्रोमीटर आणि बोअर गेज हाताशी नसतील, किंवा असूनही तेच माप पुन्हा घेतल्यावर वेगळे येत असेल, तर ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनांमुळे फिरणारा मुख्य दांडा) यांविषयीचा निर्णय घरी घेऊ नये. कोल्हापूरकरांना याची अडचण वाटण्याचे कारण नाही. शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेले शिवाजी उद्यमनगर शहरातच आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत इंजिनांची ओतकामे होतात, आणि बोअरिंग, होनिंग (बोअर आतून बारीक घासणे), क्रँक ग्राइंडिंग करणारे जाणते हात इथे जवळच मिळतात. त्यामुळे इंजिन उतरवणे, धुणे आणि जुळवणे घरी व यंत्रावरचे काम उद्यमनगरात, ही विभागणी आपल्याकडे सर्वांत शहाणपणाची आहे.

यंत्रावर काम देताना क्रम चुकू नये. आधी मापे घ्यावीत, त्यावरून पिस्टन 0.25 मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) लागेल की 0.50 हे ठरवावे, मग तो संच प्रत्यक्ष विकत घ्यावा, आणि ब्लॉकबरोबर पिस्टनही देऊन त्यांच्या मापाप्रमाणेच बोअर करून घ्यावा. पिस्टन मिळतील या भरवशावर बोअर मोठा करून ठेवला आणि त्या मापाचा संच बाजारात मिळालाच नाही, तर लायनर (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) घालण्यावाचून पर्याय राहत नाही. मारुती 800 चे 796 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन असेल तर भागांची चिंता तुलनेने कमी असते. प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनासाठी मात्र गास्केट संच, बेअरिंग आणि रिंगा हाती आल्याशिवाय एकही बोल्ट सोडवू नये. देशात 2000 साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले, आणि व्हॉल्व्ह सीटची (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेची) झीज रोखणारे शिसे पेट्रोलमधून गेले. त्याआधीच्या ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीट ओतीव लोखंडी हेडमध्येच कापलेल्या आहेत, त्यांचे हेड उतरलेच आहे तर कठीण पोलादी सीट बसवून घ्याव्यात. तसेच आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असल्याने गाडीतले पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा हेही याच यादीत धरावेत.

घरी काम करायचे असेल तर जागा कोरडी, छप्पर असलेली आणि काही आठवडे अडून राहिली तरी चालेल अशी हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा, नुकताच होन केलेला बोअर ऑइल न लावता एक रात्र जरी ठेवला तरी त्यावर तांबूस थर धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने टाळावेत. गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरची कामेही त्याच यंत्रांवर चढतात, त्यामुळे आपला नंबर कधी लागेल हे दुकानात आधी विचारून घ्यावे. चेन ब्लॉक टांगायचा तो मजबूत तुळईलाच. पत्र्याच्या शेडच्या पाइपवर इंजिनाचे वजन कधीही टाकू नये. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून पिस्टन बोअरमध्ये सरकवायचे साधन) आणि त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका या गोष्टी जमेपर्यंत थांबावे.

उतरवताना सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे बेअरिंगच्या कॅप, म्हणजे क्रँकला जागेवर धरणारी अर्धगोल झाकणे. प्रत्येक कॅप तिच्या जागेवर बसवूनच यंत्रावर गोल केलेली असते, त्यामुळे ती दुसऱ्या जागी किंवा उलटी बसवता येत नाही. रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) आणि त्याची कॅप यांच्या एकाच बाजूला, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन असे पंचचे बारीक ठिपके मारावेत आणि उतरवल्यावर लगेच दोन्ही पुन्हा एकमेकांना जोडून ठेवावेत. जुळवताना नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरकवावी, पिस्टनच्या डोक्याने ती सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने पाहावी. फट पुस्तिकेतल्यापेक्षा कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोके एकमेकांवर दाबली जातात, रिंग तुटते आणि नवा बोअर ओरखडतो. एवढी पडताळणी प्रत्येक रिंगेसाठी करण्याचा धीर ज्याच्याकडे नाही, किंवा ज्याला गाडी रोज कामाला लागते, त्याने काम मेस्त्रींना द्यावे; त्यात कमीपणा नाही.

मेस्त्रींकडे देताना मजुरी, यंत्रकाम आणि सुटे भाग यांचे अंदाजपत्रक वेगवेगळे लिहून घ्यावे, बोअर व क्रँकची मापे कामाआधी आणि कामानंतर मागावीत, आणि काढलेले जुने भाग परत देण्याची बोली आधीच करावी. मापे लिहून द्यायला जे तयार नसतील त्यांच्याकडे, ते कितीही स्वस्त असले तरी, इंजिन उघडू नये.

ब्लॉक तोच राहिला तर इंजिन क्रमांकही तोच राहतो. ब्लॉक बदलावा लागला तर आरटीओकडे नोंद करून घेणे आवश्यक आहे. काढलेले ऑइल गटारात ओतू नये, कारण ते शेवटी पंचगंगेलाच मिळते.

पहिल्या स्टार्टपूर्वी प्लग काढून ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि ऑइलचा दाब आला की मगच प्लग बसवावेत. सुरुवातीचे काही दिवस इंजिनावर फार भार टाकू नये आणि एकाच वेगाने लांबवर चालवू नये. साधारण 500 किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर बदलावेत, आणि जुना फिल्टर कापून आतल्या कागदात धातूचे कण अडकले आहेत का ते उजेडात पाहावे. चमकणारे कण भरपूर दिसले तर गाडी पुढे न चालवता ऑइल पॅन उतरवून बेअरिंग तपासावेत.