‘रन’चे अर्थ पकडायची रीत: मोटरपासून निवडणुकीपर्यंत

भूक लागते, ठेच लागते, विहिरीला पाणी लागते, पोराला नोकरी लागते आणि दुपारी जरा डोळाही लागतो. ‘लागणे’चे हे अर्थ आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाहीत. शेजारी विहीर आणि पाणी आले की अर्थ आपसूक ठरतो. इंग्रजीतले ‘रन’ असेच शिकायचे. पण वहीत ‘रन म्हणजे पळणे’ एवढेच उतरते, आणि उताऱ्यात ‘द वेल रॅन ड्राय’ आले की लेकरू तिथेच अडते. विहीर पळणार कशी? ती आटली, एवढाच त्याचा अर्थ.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ ‘सेट’चे होते. पुढच्या सुधारणेत ‘रन’ वर गेले. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. ते पाठ करायच्या भानगडीत पडू नये. दहावीपर्यंत वीसेक पुरतात, आणि तेही वाक्यातच शिकावेत.

वाक्य समोर आले की आधी कर्ता शोधा. माणूस किंवा ढोर असेल तर पळणे. यंत्र असेल तर चालणे. पाणी असेल तर वाहणे. नाक असेल तर गळणे. कापडाचा रंग असेल तर रंग जाणे. रस्ता, पाइप, नदी किंवा धुरा असेल तर अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जाणे: ‘द वर्धा रन्स बिट्वीन अमरावती अँड वर्धा डिस्ट्रिक्ट्स.’ या शेवटच्या प्रकारात एक चूक हमखास होते. ‘द रोड इज रनिंग अलाँग द कॅनॉल’ असे लिहिले जाते, कारण मराठीत ‘रस्ता कालव्याच्या कडेने जात आहे’ म्हटले तरी खपते. इंग्रजीत रस्ता कायमचा तिथेच असतो, म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘द रोड रन्स अलाँग द कॅनॉल.’ एसटीचेही लक्षात ठेवा. रोजचे वेळापत्रक सांगताना ‘द बस रन्स एव्हरी टू अवर्स’. आजची गाडी उशिरा असेल तर ‘द बस इज रनिंग लेट’.

मग कर्म बघा. खरी अडचण इथेच आहे. मराठीत चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे असे क्रियापदाचे रूपच बदलते. इंग्रजीत ‘रन’ तसेच राहते. ‘शी रन्स’ म्हणजे ती पळते. ‘शी रन्स अ फ्लोअर मिल’ म्हणजे ती चक्की चालवते. बचत गट, दुकान, शाळा, अभ्यासिका हे सगळे ‘रन’ करता येते. सायकल, ट्रॅक्टर आणि बंडीला मात्र हा शब्द लावू नका. आपण सगळ्यालाच ‘चालवणे’ म्हणतो म्हणून ‘ही इज रनिंग अ बायसिकल’ लिहिले जाते. सायकलला ‘राइड’, ट्रॅक्टरला आणि बंडीला ‘ड्राइव्ह’.

कर्ता आणि कर्म यांचा हा फरक वावरात उभे राहून शिकवता येतो. ओलिताच्या मोटरशेजारी मुलांना घेऊन जा. ‘द मोटर रन्स ऑन थ्री-फेज’: मोटर थ्री-फेजवर चालते. ‘वॉटर रन्स थ्रू द पाइप’: पाइपातून पाणी वाहते. ‘द पाइप रन्स अलाँग द बंड’: पाइप धुऱ्याकडेने गेला आहे. मग स्टार्टरची पेटी दाखवा. बऱ्याच पेट्यांवर ‘ड्राय रन’ लिहिलेला दिवा असतो. विहिरीतले पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी फिरू लागली की तो लागतो. ‘डोन्ट रन द पंप ड्राय’ म्हणजे पंप कोरडा चालवू नका, पाणी नसले की सील तापून जळते. इथे ‘पंप’ हे कर्म आहे, चालवणारा कास्तकार. ‘द वेल रॅन ड्राय’मध्ये विहीर स्वतः कर्ता आहे. दोन्हीकडे ‘ड्राय’, पण एकात चालवणे आणि दुसऱ्यात आटणे. जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरणाआधी नागपूर जिल्ह्यात झालेली ‘ड्राय रन’ हा याच शब्दाचा तिसरा अर्थ, सरावाची फेरी.

शेवटी मागचा लहान शब्द. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे, आणि त्यात कर्ता माणूस असतो: ‘वी रॅन आउट ऑफ डिझेल.’ यातला ‘ऑफ’ गळला की वाक्य चुकते. डिझेलच कर्ता केले तर ‘द डिझेल रॅन आउट’, तिथे ‘ऑफ’ नको. ‘रन इन्टू’ म्हणजे बाजारात अचानक गाठ पडणे, किंवा धडकणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे. ‘रन फॉर सरपंच’ म्हणजे सरपंचपदासाठी उभे राहणे; ब्रिटिश इंग्रजीत यालाच ‘स्टँड फॉर’ म्हणतात, तो आपल्या ‘उभे राहणे’च्या जास्त जवळचा. ‘रनिंग अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणे. क्रिकेटमधला धावफलकावरचा ‘रन’ मात्र नाम आहे, त्याला या वहीत घेऊ नका.

रूपे तीन: रन, रॅन, रन. ‘हॅज रॅन’ चूक, ‘हॅज रन’ बरोबर. ‘रनिंग’च्या स्पेलिंगमध्ये ‘आयएनजी’च्या आधी ‘एन’ दोनदा.

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: कर्ता, पूर्ण वाक्य, मराठीतले क्रियापद. तिसऱ्या रकान्यात ‘पळणे’ दुसऱ्यांदा लिहायचे नाही, एवढा एकच नियम. रोज 3 वाक्ये, आठवड्यात 6 दिवस. 18 वाक्यांत वर सांगितलेले बहुतेक अर्थ येतात. सातव्या दिवशी डावीकडचे दोन रकाने झाकून मराठी क्रियापदावरून इंग्रजी वाक्य तोंडी सांगायला लावा. ‘आटणे’, ‘गळणे’, ‘उभे राहणे’ यांवर जो अडेल, त्याने ते वाक्य आपल्या घरातल्या वस्तूवर पुन्हा रचावे. मग पुढच्या पानावर हीच आखणी ‘टेक’साठी करा.