सुरगाण्याहून नाशकात बीएस्सीला आलेल्या मुलींसाठी

आपल्या घरात कुणी प्रयोगशाळा पाहिलेली नसते, म्हणून संशोधन हे पीएचडीवाल्यांचंच काम वाटतं. तसं काही नाही. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असतानाच केमिस्ट्रीच्या मॅडमना गाठ. "प्रोजेक्ट द्या" म्हणू नकोस, प्रश्न घेऊन जा.

आपली गोदावरीच घे. गंगापूर धरणाखाली, रामकुंडावर आणि तपोवनात पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन किती बदलतो? तो मोजायच्या विंकलर पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही. बाटली पाण्यात बुडवूनच भर, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घाटावरच घाल. लॅबपर्यंत थांबलीस तर आकडा गेलाच. मग आम्ल, थायोसल्फेटचं टायट्रेशन, शेवटाकडे स्टार्च. निळा रंग उडाला की रीडिंग. प्रत्येक ठिकाणी तीन बाटल्या. वेळ, पाण्याचं तापमान वहीत लिही, आणि पेननंच. (पर्वणीच्या गर्दीत मात्र जाऊ नकोस, लोक बाटल्या तीर्थाच्या समजतात.)

अशी वही असली की मॅडमना शिफारसपत्रात लिहायला काहीतरी मिळतं. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला ते पत्र लागतं: दोन महिने एखाद्या संस्थेत काम, वर मानधन. अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमारास. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

एमएस्सीला आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा. मुलींना आणि एससी-एसटीला फी निम्मी. पेपर इंग्रजीत, पण निबंध नाही. जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव. पुढे पीएचडीला एसटी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला 750 जागा.