आवाजात ठोसा असलेली बेस गिटार निवडताना

नागपुरात बेस गिटार वाजवणाऱ्याला बहुतेक वेळा ऑक्टोपॅड, ढोलकी आणि की-बोर्ड यांच्या संगतीत वाजवावे लागते. १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा असो किंवा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, खर्जातली बरीचशी जागा ऑक्टोपॅडच्या दणक्याने आधीच व्यापलेली असते. म्हणून दुकानात एकट्याने वाजवताना घनगंभीर वाटलेली गिटार मांडवात नुसती घुमते आणि कोणता सूर लागला हे शेजारच्या गायकालाही कळत नाही. ठोसा हवा असेल, तर खर्जाच्या मागे लागू नये, हे खरेदीला निघण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे.

यामागचे कारण साधे आहे. चार तारांच्या बेसवरील सर्वांत जाड ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि लहान अ‍ॅम्पचा स्पीकर तो जेमतेमच वाजवतो. तरीही आपल्याला तो सूर ओळखू येतो, कारण ८२, १२३ हर्ट्झ अशा चढत्या उपस्वरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो. तंबोऱ्याच्या जवारीवर उपस्वर कसे फुलतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ठोसा म्हणजे तारेवर बोट पडताक्षणी उमटणारा स्पष्ट आघात आणि त्यामागे भरीव मध्यम पट्टा. ढोबळमानाने १०० ते २५० हर्ट्झमध्ये त्याचे वजन असते आणि ७०० हर्ट्झच्या वर त्याची धार.

हा पट्टा किती उचलला जाईल हे सर्वाधिक ठरते ते पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी पट्टीच्या, जागेवरून. पिकअप नेकजवळ, म्हणजे गिटारीच्या मानेकडे असेल, तर मूळ स्वर अधिक आणि आवाज गोल. ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे बसतात तिथे असेल, तर उपस्वर अधिक आणि आवाज कोरडा, धारदार. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसला १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला आणि तो या दोन टोकांच्या मधोमध बसवलेला असतो. दोन तुकडे एकमेकांची गुणगुण मारतात, ही आणखी एक सोय. मांडवातले अर्थिंग जिथे रामभरोसे असते, तिथे तिचे मोल फार. १९६० च्या जाझ बेसवर दोन स्वतंत्र पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडले की मधला पट्टा काहीसा दबतो, म्हणून एकाचा आवाज थोडा उतरवून पाहावा, पण तसे करताना गुणगुण परत डोके वर काढते. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेवर ब्रिजकडे सरकलेला मोठा हंबकर (गुणगुण मारणारा दुहेरी पिकअप) आणि आत प्रीअँप (टोन कमी-जास्त करणारे छोटे विद्युत मंडल) असतो. अंगठ्याने मारून वाजवण्याच्या शैलीला तो विशेष मानवतो. माझे मत विचाराल, तर पहिली गिटार घेणाऱ्याने प्रिसिजन पद्धतीचा पिकअप, किंवा त्याच्या जोडीला ब्रिजजवळ जाझ पद्धतीचा दुसरा पिकअप असलेली गिटार घ्यावी. यामाहाच्या बीबी मालिकेत अशी रचना मिळते, आणि फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त शाखेतही प्रिसिजन घाटाच्या गिटारी असतात.

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलाच पाहिजे असे नाही. त्याने लांब केबलमध्ये धार कमी हरवते हे खरे, परंतु त्याच्या खर्ज वाढवणाऱ्या बटणाने ग्राहक भुलतो हेही तितकेच खरे. लाकडाविषयी विक्रेते बरेच बोलतात. मी त्याऐवजी वजन पाहतो, कारण साडेचार किलोंची गिटार तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा मोडून काढते.

नागपुरातल्या बर्डीवरच्या किंवा सदरमधल्या दुकानात गिटार हातात घेतल्यावर प्रथम अ‍ॅम्पवरील आणि गिटारीवरील सर्व टोन मध्यावर आणावेत. मग मंद आवाजात ई तारेवर सुटे, ठळक आघात करावेत आणि प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो का हे पाहावे. नंतर सर्वांत बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) एकेक सूर धरून ठेवावा, कारण अनेक गिटारींवर तेथे एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो. सोबत एखाद्या ढोलकीवाल्या मित्राला नेता आले, तर उत्तमच. दुकानदार कुरकुरेल, पण पैसे आपले आहेत.

तारांकडे मात्र लोक अनाठायी दुर्लक्ष करतात. दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारीच्या तारा मेलेल्या असतात, त्यामुळे चांगली गिटारही बोदी वाटू शकते. ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत), गोल वेढ्याच्या निकेल तारांचा नवा संच खरेदीच्या खर्चातच धरावा. सपाट वेढ्याच्या तारांनीही ठोसा मिळतो, फक्त तो वेगळ्या जातीचा असतो: मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर तशाच जाड तारा लावत आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोम ठेवत, त्यामुळे सूर आखूड आणि ठसठशीत येई.

शेवटी नेक. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून ई तार व सातव्या फ्रेटच्या मध्ये साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट राहावी. फट नसेल, तर तार फ्रेटवर खडखडते आणि आघात पोकळ येतो. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई, फिरवायचाच झाला, तर एका वेळी पाव वेढा, त्याहून जास्त नाही. मे महिन्यातील कोरड्या उष्णतेत फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात, तर कूलर लावलेल्या खोलीत तेच लाकूड ओल धरते. म्हणून गिटार केसमध्ये ठेवावी, कूलरच्या झोतासमोर स्टँडवर ठेवू नये, आणि पावसाळा लागला की फट पुन्हा एकदा मोजावी.