क्यू कुठे धरता? या चुका टाळा

जळगावात नवीन नवीन पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळायला लागलो, क्यू म्हणजे बॉल मारायची काठी हातात घेतली, तेव्हा पहिला सल्ला मिळाला, "भो, क्यूवर दोरा गुंडाळलाय ना, तिथेच धर, तो दिलाय कशाला?" दोन-तीन महिने तसंच धरलं आणि सोपे सोपे बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन परत यायचे. मग दोष कधी टेबलाला, कधी टिपला म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकाला, नाचता येईना अंगण वाकडं!

चूक इथेच होते. क्यू साधारण ५७-५८ इंचाचा, तो सगळ्यांना सारखाच, पण हात कुठे सारखे असतात? उंच मित्र जिथे धरतो तिथे माझा हात ताणला जायचा. जागा शोधायची ती अशी, शॉटला वाका, ब्रिज, म्हणजे क्यूला आधार देणारा पुढचा हात, नीट टेकवा, टिप पांढऱ्या बॉलला लागेल न लागेल इतकी जवळ न्या आणि आता बघा, कोपरापासून खालचा हात गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबतोय का. लोंबतोय? मग तीच तुमची जागा, दोरा असो नसो.

हात त्या जागेच्या फार पुढे असेल तर बॉलला लागताना मूठ वर उचलायला लागते आणि टिप खाली दबते. फार मागे असेल तर उलटं, मूठ अजून खालीच जात असते म्हणून टिप वर चढते, शिवाय जोर लावायला खांदा मधे घुसतो आणि लाइन गेली.

एकदा जागा सापडली म्हणून मी तिथे टेप चिकटवली, तीपण चूकच. पांढरा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटला की ब्रिज आखूड होतो, म्हणजे पुढचा हात बॉलच्या जवळ येतो, मग मागचा हातपण तेवढा पुढे घ्यावा लागतो. म्हणून आधी ब्रिज, मग ग्रिप म्हणजे मागच्या हाताची पकड, उलटं नाही.

आणि आवळू नका हो! भरीत ठेचायची मुसळी नाहीये ती. अंगठा आणि पहिली दोन बोटं पुरतात, बाकीची नुसती टेकलेली. मूठ आवळली की मनगट वळतं आणि बॉल एकाच बाजूला चुकत राहतो. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत तळहात घामेजतो, क्यू सटकेल म्हणून माणूस आपोआप आवळतो, तेव्हा खिशात सुका रुमाल ठेवा.

तरी जमत नसेल तर मित्राला बाजूने, कोपराच्या उंचीवरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि टिप बॉलला टेकते तिथेच तो थांबवून बघा. माझा पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा मूठ चांगली वीतभर मागे होती, आणि मी शपथेवर सांगत होतो की हात सरळ आहे.